लेवासासाठी कुणी बोललं नाही

मंगळवार, ७ मे

आजपासून मामांचे कागद वाचायचं काम माझं. आई म्हणाली, "कॉलेजच्या नाही तर निदान घरातल्या आंधळ्या माणसाच्या तरी उपयोगी पड." परत येऊन तीन आठवडे झाले, अजून ती जेवताना माझ्याकडे पाठ करून बसते. सगळ्यांना मी सांगितलंय की प्राध्यापकाने आमच्या बेटावरच्या पोरांना 'नारळ सोलणारे' म्हटलं, म्हणून त्याची फाइल खिडकीतून फेकली. फेकली हे खरंच. पण माफी मागितली असती तर कॉलेजवाले मला परत घेत होते. नाही मागितली, कारण नर्स असलेल्या तालिताची बदली इथल्या दवाखान्यात झाली होती आणि मला तिकडे राजधानीत, आपियात एक दिवससुद्धा जास्त काढायचा नव्हता. हे फक्त इथे लिहितो.

मामा संसदेत आमच्या भागाचे. मासोए हा त्यांचा गावातला मान, सगळे त्याच नावाने हाक मारतात. एकोणिसाव्या वर्षी सुरुंग लावून मासे मारताना त्यांचे डोळे गेले. हे ते कुणालाही सांगतात, मतं मागतानासुद्धा. "कायदा दोघांनी मोडला. जोडीदार तुरुंगात गेला, मी इस्पितळात, कारण माझा बाप मानकरी होता. त्या निकालात मला जे दिसलं ते डोळे होते तोवर दिसलं नव्हतं." लोक टाळ्या वाजवतात. मला आता त्याचा कंटाळा येतो.

शनिवार, ११ मे

मामा सांगतात आणि मी लिहितो. संसदेत मांडायचा मसुदा चाललाय. आजचं कलम: ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतःच्या तोंडाने बोलू दिल्याखेरीज कुठल्याही गावसभेने कुठलंही घर गावाबाहेर काढू नये.

मी म्हटलं, "मामा, याला आपल्याच गावात एक मत पडणार नाही."

"ठाऊक आहे. पुढचं लिही."

आमच्यात आरोपी गप्प बसतो. सभाघराला भिंती नसतात, नुसते खांब. प्रत्येक मानकऱ्याचा खांब ठरलेला. ज्याच्यावर बोट आहे त्याने आपल्या खांबाला टेकून मान खाली घालून बसायचं आणि दुसऱ्या कुणी मानकऱ्याने त्याच्यासाठी बोलायचं. कुणी बोललं नाही तर गुन्हा कबूल. लेवासा परवा दुकानापुढे मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मासोएला डोळे नाहीत, चालेल. आता लाजही नकोय का त्याला? माणूस स्वतःच स्वतःची वकिली करतो होय?" हा लेवासा मागच्या निवडणुकीत मामांच्या विरुद्ध उभा होता. एकोणीस मतांनी पडला.

मामांना सांगितलं तर हसले. "आवाज काय सुरेख आहे गाढवाचा! आणि सगळा दुसऱ्यांसाठी खर्च करतो."

मग मी विचारलं, "तुम्ही हे कशासाठी करता? लोकसेवा, सुधारणा वगैरे. पंधरा वर्षांत मिळालं काय?"

"लोकसेवा म्हणजे फार काही नाही रे. कंटाळा आला तरी पुढचं पाकीट उघडायचं."

हे उत्तर झालं का? माझ्या अंगात आग आहे, मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

बोटात काटा गेल्याचं निमित्त करून दवाखान्यात जाऊन आलो. तालिताने काटा काढला आणि विचारलं, "तुझ्या परीक्षा कधी आहेत?" म्हणजे माझ्या परीक्षांची तिला आठवण असते! दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मंगळवार, १४ मे

गावात गहजब. परवा रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होऊन गेल्यावर पेनीची बस गावातून भरधाव गेली. त्या वेळात गावात कुणी हलत नाही, कुत्रीसुद्धा बसून असतात. रस्त्यावर राखणीला उभ्या पोरांनी हात केले, तरी थांबला नाही. आतले दिवे बंद होते म्हणे.

पेनी म्हणजे लेवासाचा थोरला. बस चालवतो, खांदे रुंद, दात पांढरे, आणि दवाखान्यासमोर त्याची बस जरा जास्तच वेळ थांबते. मी वेळ लावून पाहिलाय.

सभेने दंड सांगितला, दहा डुकरं आणि मासळीच्या डब्यांच्या वीस पेट्या. लेवासाने निरोप पाठवला, देणार नाही. दिला म्हणजे चूक कबूल केली, आणि माझ्या पोराने चूक केलेली नाही. का गेला ते मात्र बाप सांगत नाही आणि पोरगाही सांगत नाही. आता शनिवारी सभा. दंड नाकारणाऱ्या घराचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तालिताही त्या रात्रीपासून गावात नाही. मोठ्या इस्पितळात कामाला गेली म्हणतात.

गुरुवार, १६ मे



आज सकाळी टपालाची पाकिटं घेऊन मामांसमोर बसलो. एक पाकीट हाताने आणून दिलेलं होतं, लेवासाच्या धाकट्या मुलीने. उघडलं. वर लेवासाची दोन ओळींची चिठ्ठी: "मासोए, सोबतचं वाचून घे आणि शनिवारी माझ्यासाठी बोल. का गेला ते सभेत सांगू नकोस, तुझा शब्द पुरे आहे." खाली दुसरा कागद. तालिताचं अक्षर. तिचं अक्षर मी कुठेही ओळखेन. "आदरणीय मासोए, त्या रविवारी संध्याकाळी मी आणि पेनी त्याच्या बसमध्ये होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही आणि तुम्हीही..."

पुढचं वाचलंच नाही. डोळ्यांपुढे लाल झालं. दिवे बंद करून! आणि वर मामांनी त्यांच्यासाठी बोलायचं, आणि ते मी माझ्या तोंडाने वाचून दाखवायचं!

कागद घडी करून कमरेला खोचला. पुढचं पाकीट उघडलं, शाळेच्या छपराचं, आणि मोठ्याने वाचलं.

शेवटी मामा म्हणाले, "झाली सगळी?"

"झाली."

"सगळी?"

"हो, मामा."

थोडा वेळ बोटांनी चटईची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "बरं. जा, पोहून ये." त्यांना काही कळलं नाही. माझा आवाज इतका स्थिर होता की मलाच आश्चर्य वाटलं. फार तर काय होईल? लेवासा दंड भरेल. भरू दे.

शनिवार, १८ मे

सभा झाली. मी मामांच्या मागे बाहेरच्या दगडावर बसलो होतो.

सगळ्यांत वडील मानकऱ्याने विचारलं, "लेवासासाठी कोण?" कुणी बोललं नाही. लेवासा समोरच्या खांबाला टेकून मान खाली घालून बसला होता. दुसऱ्यांदा विचारलं. लेवासा खाकरला. एकदाच, हळू. मान वर करून त्याने मामांकडे पाहिलं. आंधळ्या माणसाकडे असं कुणी पाहत नाही. मामा स्वतःच्या खांबावर बोटं फिरवत होते. तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, शपथ. पण मला मान नाही, मी सभेत बोलू शकत नाही. हे कारण किती पटकन सापडलं मला.

सोमवारी सूर्य मावळायच्या आत लेवासाचं घर गावाबाहेर. लहानमोठी मिळून अकरा माणसं.

सोमवार, २० मे

गेले. पेनीच्याच बसमध्ये सामान भरलं. लेवासाच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीसकट उचलून चढवलं. ती खिडकीतून प्रत्येक घराला हात करत होती, ज्यांनी हाकललं त्यांनाही. पेनीने माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी रोज हलवायचा तशी.

लेवासाची बायको आमच्या दारी टोपलीभर अळूचे कंद ठेवून गेली. आईला म्हणाली, "आता शेतात कोण जाणार? कुजण्यापेक्षा मासोएच्या घरी शिजलेले बरे." आईने नारळाच्या दुधात शिजवले. मामांनी हात लावला नाही, पोट बरं नाही म्हणाले. मी खाल्ले. दोनदा वाढून घेतले, कारण नाही घेतले तर आई विचारेल अशी भीती वाटली. 

आनंद होईल असं वाटलं होतं.

गुरुवार, ३० मे

तालिता परत आली. तिला दवाखान्याच्या पायरीवर गाठलं. मी केस विंचरून गेलो होतो. मूर्खपणाची हद्द आहे, पण लिहायचं तर खरं लिहायचं.

ती म्हणाली, "सेफो, मासोए का बोलले नाहीत?"

"कशाबद्दल?"

"मी सगळं लिहून दिलं होतं ना! पत्र पोचलं नाही का?"

आणि मी म्हटलं, "पोचलं. मी वाचून दाखवलं. मामा काही बोलले नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं, दयेने पाहिलं. "बिचारा तू. असल्या माणसाची पत्रं वाचावी लागतात. विरोधकाच्या घराचं वाटोळं होत असलं की हे सुधारणावाले आंधळे होतात बघ. अगदी सोयीने."

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. महिनाभर मी ज्याची वाट पाहत होतो तो हात. आणि मी तो ठेवू दिला.

घरी येऊन तो कागद काढला. कॉलेजच्या पुस्तकात ठेवला होता. आता पूर्ण वाचला.

पलीकडच्या गावातली एक पोर. लग्न झालेलं नाही, घरात कुणालाही पत्ता नाही, आणि वेळेआधी कळा सुरू झालेल्या. तालिताने रस्त्यावर पहिली दिसली ती बस थांबवली. पेनीची. दिवे बंद केले ते त्या पोरीचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून. थांबले असते तर आई आणि बाळ दोघंही गेली असती. "तिचं नाव फक्त तुम्हाला सांगते. तुमच्याजवळ ते राहील याची खात्री आहे." ते नाव मी इथेही लिहिणार नाही. निदान एवढं तरी.

पेनीने बापाला सांगितलं, बापाने एका आंधळ्या वैऱ्यावर विश्वास ठेवला, आणि मध्ये मी बसलो होतो.

सोमवार, ३ जून

चार दिवस झाले. मामांना सांगायला रोज सकाळी जातो आणि वर्तमानपत्र वाचून परत येतो. दुकानात लोक मामांबद्दल कुजबुजतात. तालिताने कुणाला तरी सांगितलं असणार. आज एकाने मामांच्या वाटेत आलेली आपली काठी बाजूला केली नाही, मुद्दाम. मामा अडखळले. मी त्या माणसाला मारायला धावलो! मी! मामांनी मनगट धरलं, "कशाला? त्याचं काही चुकलंय का?"

तेव्हाही बोललो नाही.

शुक्रवार, ७ जून

सांगितलं.

मसुद्याचं शेवटचं वाचन होतं. "त्याला स्वतःच्या तोंडाने बोलू दिल्याखेरीज" इथे आवाज फुटला आणि मग थांबलाच नाही. सगळं सांगितलं, तालिताचंही, मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं तेही, तिच्याशी काय खोटं बोललो तेही. कपाळ त्यांच्या पायाशी टेकलं होतं.

मामा ओरडले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आईला सांग, मानाची चटई काढ. सोमवारी पहाटेच्या पहिल्या बोटीने आपियाला, लेवासाकडे."

आई चटई काढताना रडत होती. बारीक विणीची, आजीच्या आईने दोन वर्षं खपून विणलेली, माझ्या लग्नासाठी ठेवलेली. मी म्हटलं, "मी एकटा जातो. चूक माझी आहे."

"घरच्या पोराने केलं की घरच्या मानकऱ्याने चटईखाली बसून माफी मागायची," मामा म्हणाले. "एवढंही कॉलेजात शिकवलं नाही होय? तू माझ्या शेजारी बस. आणि तालिताला आधी जाऊन खरं सांगून ये. ते काम माझं नाही."

सांगितलं. ती दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत होती, गुंडाळतच राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "पुढची एक ओळ वाचली असतीस, सेफो." मग आत गेली. माझ्यावर तिचं प्रेम नव्हतंच कधी, हे मला पायरीवर उभ्याउभ्या कळलं, आणि ते त्या वेळी अगदी लहान वाटलं.

सोमवार, १० जून, आपिया

लेवासाचं बिऱ्हाड त्याच्या मेव्हण्याच्या मागच्या खोलीत आहे. पुढे अंगण, अंगणाला लागून रस्ता. सकाळी सात वाजता आम्ही अंगणात मांडी घालून बसलो आणि मी चटई दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. घरातल्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. पूर्वी अशा वेळी कुणी कुणी दगड मारत, कुऱ्हाडही चालवत. त्याचा हक्क असे घरातल्यांना.

आत काळोख आणि उकाडा. मामांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग आता तू माझा हात धरू नकोस, मी तुझा धरतो."

रस्त्यावरून बस गेल्या, शाळेची पोरं थांबून हसली. एक म्हणाला, "अरे, बसताना पाहिलं मी, हा तो आंधळा खासदार!" दुसरा म्हणाला, "दुसरा कोण?" पहिला म्हणाला, "कुणी नाही." घाम डोळ्यांत जात होता. दोन तास गेले असतील.

मग पावलं. कुणीतरी समोर उभं राहिलं. चटईची कड उचलली गेली, बोटभर उजेड आत आला. लेवासाची बोटं ओळखली मी. तो माफ करत होता! माझ्या छातीवरचा दगड सरकला.

आणि मामांनी आतून ती कड धरली. खाली ओढली.

"थांब, लेवासा. आधी ऐक. पोराने काय केलं ते तुला काल निरोपात कळवलंय. माझं कळवलं नाही, ते तोंडाने सांगायचं होतं."

"तुझं काय?"

"त्या दिवशी सात पाकिटं फाडलेली मी ऐकली. पत्रं सहा वाचली गेली. सातवं कुणी हाताने आणलं तेही ऐकलं होतं, तुझ्या पोरीची चप्पल फटफटते. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. सभेत तू खाकरलास, ते माझ्यासाठी होतं हे मला कळलं. मी एवढंच म्हणू शकलो असतो की आज निकाल नको, एक कागद ऐकायचा राहिलाय. नाही म्हटलं. मनात आलं, हा गावात नसला तर पुढची निवडणूक सोपी. एवढंच आलं मनात, आणि ते पुरलं."

मी चटईखाली त्यांच्या हातात हात देऊन बसलो होतो. हात काढून घ्यावा की घट्ट धरावा ते कळेना.

बाहेर लेवासाने कड अजून सोडली नव्हती. मग म्हणाला, "हे सांगितलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं."

"हो."

"मी उचलत होतो, मासोए."

"पोरावरची उचलत होतास. माझ्यावरची नव्हतास."

कड सुटली. पावलं घरात परत गेली. दार लागलं.

संध्याकाळपर्यंत बसलो. कुणी आलं नाही. मामांना दोनदा भोवळ आली. चर्चच्या मागे झोपायला जागा मिळाली, तिथे लिहितोय. मी विचारलं, "मामा, माफ होत होतं. का बोललात?" तर म्हणाले, "मसुद्यात आरोपीला बोलू द्या असं लिहिलंय ना. मी आरोपी होतो."

त्यांचा मला राग येतोय. पत्र दाबलं मी, पण त्यांना ठाऊक होतं! आणि त्याच वेळी मी ज्याला कंटाळलो होतो तो माणूस हाच का, असंही वाटतंय. दोन्ही एकदम वाटतंय आणि दोन्हींची लाज वाटतेय.

मंगळवार, ११ जून

परत जाऊन बसलो. आज हसणारी पोरं नव्हती. दहाच्या सुमारास चटई पूर्ण उचलली गेली. इतका उजेड की मला काही दिसेना. मामा तसेच बसून होते.

उचलणारी लेवासाची बायको. लेवासा उंबऱ्यावर बसला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "पुरे झालं. माझ्या सासूला उन्हात माणसं बघवत नाहीत."

लेवासाने माफ केलं असं म्हटलं नाही. म्हणाला, "मला माझं घर परत पाहिजे. सभेत माझ्यासाठी कोण बोलणार? तू?"

"माझ्या बोलण्याला आता किंमत नाही," मामा म्हणाले. "सभेत आधी मी माझं सांगेन. ते मला खांबावरून उठवतील, उठवू देत. मसुदाही मी मांडणं बरोबर नाही, दुसऱ्याकडे देतो. मग तू बोल."

"मी? माझ्यासाठी?"

"आणि कुणासाठी?"

लेवासा हसला, कडवट. "आयुष्यात कधी केलं नाही रे असलं. दुसऱ्यांसाठी कितीही बोलेन. स्वतःसाठी म्हटलं की तोंड सुकतं. सुरुवात कुठून करतात?"

"जिथे दुखतं तिथून कर. आम्ही ऐकतोय."

 पेनी आतून येऊन बापाच्या मागे उभा राहिला. मग लेवासा बोलायला लागला. आधी अडखळत, सभेतल्या भाषेत, मग साध्या भाषेत. आईला खुर्चीसकट उचलताना काय वाटलं. बोटीवर ओळखीच्या माणसांनी तोंडं कशी फिरवली. या मागच्या खोलीत अकरा जणांनी कसं झोपायचं. सभेत खाकरल्यावर समोरच्या खांबाकडून उत्तर आलं नाही, तेव्हा मान पुन्हा खाली कशी घातली. माझं नाव घेऊन माझ्याबद्दल बोलला, मामांबद्दल बोलला, शिव्या दिल्या, आणि पुन्हा मागे जाऊन तेच सांगितलं. तासभर तरी झाला असेल. मामा मान किंचित वाकडी करून ऐकत होते, मी पत्र वाचताना ऐकतात तसे.

तो बोलत होता तोवर मी मान वर केली नाही. पण एकही शब्द सोडला नाही.